पाऊस सरल्यावरचे पेण-रोहा


पाऊस सरला की पेण-रोह्याकडे फिरकण्यात अर्थ नाही, हे आपल्या पत्रलेखकाचे मत पटत नाही. त्यांचा मुख्य आधार कोलाडच्या राफ्टिंगचा. पण तिथल्या कुंडलिका नदीचा जोर केवळ पावसाचा नव्हे. मुळशी धरणाचे पाणी घाटाखाली उतरवून भिऱ्याला १९२७ पासून वीज होते आणि तेच पाणी पुढे नदीत येते. ते सोडले की थंडीतही तराफे चालतात. सुटेलच याची हमी नसते, हे मान्य. आधी चौकशी करून निघावे.

शिवाय इथली खरी चव थंडीचीच. भात कापल्यावर जमिनीतल्या ओलीवर वाल येतो. त्याच्या शेंगा, मीठ, ओवा मडक्यात भरून तळाला नि तोंडाला भांबुर्ड्याचा पाला कोंबायचा, मडके उपडे करून भोवती पेंढा-गोवऱ्या पेटवायच्या. पाण्याचा थेंबही आत घालत नाहीत. वरून पाणी शिंपडल्यावर चर्र वाजले की ‘पोपटी’ हा पदार्थ तयार! हॉटेलच्या ताटात ही मजा येत नाही. हमरापूर-जोह्याच्या गणपती कारखान्यांतही या दिवसांत कच्च्या मूर्ती वाळत असतात, कारागिरांना बोलायला सवड असते. श्रावणात ती कुठली?

गर्दी वाढून शेतांची नासाडी होईल, ही भीती मात्र रास्त आहे. शेत कुणाचे तरी असते. विचारून जावे, शेंगांचे पैसे द्यावेत, विस्तव विझवूनच निघावे. आणि बेत लांबवू नये. फेब्रुवारी सरता सरता शेंग निबर होते.

– एक वाचक, रोहा