चालतंय ना, मग झालं?

एक्सएमएल फाइलमधली एकच व्हॅल्यू बदलायची, म्हणून आपण पायथनची चार ओळींची स्क्रिप्ट लिहितो. व्हॅल्यू बदलते, प्रोग्राम चालतो, आपण खूश! पण मित्रांनो, ती फाइल उघडून बघा. एलिमेंटट्रीने वाचतानाच सगळ्या कॉमेंट्स टाकून दिलेल्या असतात. नेमस्पेसचे ओळखीचे प्रीफिक्स जाऊन तिथे एनएस०, एनएस१ आलेले असतात. एन्कोडिंग सांगितलं नाही, तर मराठी ‘म’च्या जागी २३५० हा आकडा बसतो.

मशीनला यातलं काही खुपत नाही. पण ‘हा आकडा बदलू नका, कारण...’ ही कॉमेंट कुणीतरी पुढच्या माणसासाठी लिहिलेली असते. ती गेली की कारणही गेलं. बल्ब बदलायला आलेल्याने घरातलं सामान बाहेर फेकलं तर चालेल का?

उपाय अवघड नाही. पायथन ३.८ पासून (२०१९) ट्रीबिल्डरला कॉमेंट्स ठेवायला सांगता येतं. प्रीफिक्स आधी रजिस्टर करा, एन्कोडिंग यूटीएफ-८ द्या. नाहीतर सरळ एलएक्सएमएल वापरा. ती कॉमेंट्स आणि प्रीफिक्स दोन्ही जपते. आणि सबमिट करण्याआधी जुनी-नवी फाइल शेजारी ठेवून बघाच. बदल एका ओळीचा असेल, तर फरकही तेवढाच दिसला पाहिजे.