कारखाना आला, पण धंदा रुजला का?

मोबाइलचा एखादा कारखाना दुसऱ्या देशात किंवा दुसऱ्या राज्यात गेला की आपल्याकडे एक ठरलेला युक्तिवाद ऐकू येतो. कंपनीला स्वस्त मजूर हवेत. ते मिळतील तिथे ती जाणारच. तेव्हा कारखाने हवे असतील तर मजुरी आवरा, कामगार कायदे सैल करा, जमीन, वीज आणि करात सवलती द्या, युनियनला गेटबाहेर ठेवा. उद्योजकांच्या सभांत हे बोललं जातं, मंत्री बोलतात आणि हल्ली नोकरी शोधणारी मुलंसुद्धा बोलतात. यातलं पहिलं वाक्य अर्धसत्य आहे आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष साफ चुकीचा आहे.

पडताळ्यासाठी नोकिया पुरे. जानेवारी 2008 मध्ये तिने जर्मनीतल्या बोखुमचा कारखाना बंद करण्याचं जाहीर केलं. सुमारे 2,300 नोकऱ्या गेल्या. काम गेलं रोमानियात, क्लुजजवळच्या जुकूला. जर्मनीत संताप उसळला, काही पुढाऱ्यांनी आपले नोकियाचे फोन परत केले. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, एवढाच याचा अर्थ असता तर स्वस्त मजुरीवाल्यांचं म्हणणं सिद्ध झालं असतं.

पण सप्टेंबर 2011 मध्ये नोकियाने जुकूचाही कारखाना बंद करायचं ठरवलं. तेवढ्या काळात रोमानियातली मजुरी काही जर्मनीच्या बरोबरीला आली नव्हती. फेब्रुवारी 2012 मध्ये फिनलंडमधल्या सालोबरोबर हंगेरीतल्या कोमारोमची आणि मेक्सिकोतल्या रेनोसाचीही जोडणी आशियात हलवण्याची घोषणा झाली. हंगेरी आणि मेक्सिको महागडे देश म्हणून ओळखले जात नाहीत. कंपनीचं म्हणणं होतं की सुट्या भागांचे पुरवठादार आशियात आहेत; त्यांच्याजवळ राहिलं की फोन बाजारात लवकर उतरतो.

असं का होतं, ते लाइनवर उभं राहिलं की कळतं. फोनच्या बोर्डावरचे बारीक भाग यंत्र बसवतं. मनगटाला अँटिस्टॅटिक पट्टा बांधलेली मुलगी कॅमेऱ्याची रिबन सॉकेटमध्ये दाबते, ठरलेल्या ताकदीला आपोआप थांबणाऱ्या स्क्रू-ड्रायव्हरने स्क्रू आवळते आणि फोन पुढे सरकवते. युचिंग शिंग आणि नील डेटर्ट या अभ्यासकांनी 2009 च्या आयफोनचा हिशेब मांडला होता. एका फोनचा उत्पादनखर्च 178.96 डॉलर आणि त्यातली चीनमधली जोडणी 6.50 डॉलरची, म्हणजे शेकडा चारसुद्धा नाही. कोट्यवधी फोनांच्या हिशेबात ही रक्कमही कंपनी सोडत नाही, हे मान्य. पण एवढ्याच धाग्याने बांधलेला कारखाना तो धागा तुटला की निघून जातो.

इथे कोणी श्रीपेरुंबुदूर पुढे करेल. चेन्नईजवळचा हा नोकियाचा कारखाना 2006 मध्ये सुरू झाला. ऐन भरात तिथे सुमारे 8,000 माणसं कामाला होती, त्यात खेड्यापाड्यांतल्या मुली मोठ्या संख्येने होत्या. पुढे आयकर खात्याशी वाद झाला, त्यामुळे मायक्रोसॉफ्टने नोकियाचा फोनचा धंदा विकत घेतला त्या व्यवहारातून हा कारखाना वगळला गेला आणि 1 नोव्हेंबर 2014 ला काम थांबलं. म्हणजे कराने मारलं, असा आक्षेप. तो पोकळ नाही. वादाने नुकसान केलंच. मात्र मायक्रोसॉफ्टकडे गेलेला कोमारोमचा कारखाना अशा कुठल्या वादाशिवायच बंद पडला. 2015 मध्ये तर चीनमधले बीजिंग आणि डोंगग्वानचे कारखानेही तिने बंद केले आणि यंत्रसामग्री व्हिएतनामला हलवली.

मग चीनही हरलाच की! नाही. खरा धडा इथेच आहे. डोंगग्वानमधून मायक्रोसॉफ्ट गेली, फोनचा धंदा गेला नाही. ओप्पो आणि विवो त्याच शहरातल्या. साचे, कनेक्टर, बॅटऱ्या बनवणारे हाकेच्या अंतरावर. एक गिऱ्हाईक गेलं, बाजार शाबूत राहिला. श्रीपेरुंबुदूरमध्ये मात्र नोकिया थांबली आणि तिच्या जिवावर चालणारा फॉक्सकॉनचा तिथला कारखानाही त्याच वर्षाअखेर थांबला. नोकियाच्या जागेला सालकॉम्प ही नवी मालक मिळायला 2019 उजाडलं. मजुरी आमचीच स्वस्त होती. तिने कारखाना आणला. धंदा रुजवणं तिच्या आवाक्यातलं नव्हतं.

ॲपलचे टिम कुक यांनी 2017 मध्ये ग्वांगझूत हेच सांगितलं होतं. चीन केव्हाच स्वस्त मजुरीचा देश राहिलेला नाही, आम्ही तिथे आहोत ते टूलिंगच्या कौशल्यासाठी, असा त्यांचा आशय होता. हे कौशल्य म्हणजे काय, ते भोसरी-चाकणच्या टूलरूममधला फिटर सांगेल. साच्यात केसाएवढी फट राहिली तरी प्लास्टिकच्या कव्हरला कडेने झालर येते. शॉपवर तिला फ्लॅश म्हणतात. मग साचा उतरवा, घासा, पुन्हा चढवा. हा हात एखाद्या प्रशिक्षण शिबिरात तयार होत नाही आणि कंपनी त्याला कंटेनरमध्ये घालून नेऊही शकत नाही. पुण्याच्या पट्ट्यात तो आहे, पण वाहन उद्योगाने घडवलेला. इलेक्ट्रॉनिक्ससाठी तो वळवण्याचं काम व्हायला हवं.

सवलतींचंही तेच. बोखुमला सरकारी तिजोरीतून सुमारे 88 दशलक्ष युरो मिळाले होते. नोकऱ्या टिकवण्याच्या अटीची मुदत 2006 मध्ये संपली आणि सव्वा वर्षात टाळं लागणार असल्याची बातमी आली. आपल्याकडे 2022 मध्ये तळेगावऐवजी गुजरातची निवड करणाऱ्या वेदांत-फॉक्सकॉनच्या सेमीकंडक्टर प्रकल्पावरून केवढा गदारोळ झाला! पुढच्याच वर्षी फॉक्सकॉन त्यातून बाहेर पडली. दोन राज्यं भांडली ती कागदावरच्या कारखान्यासाठी.

कामाच्या तासांतही हीच घाई. 2023 मध्ये कर्नाटकाने बारा तासांच्या पाळीला वाट करून दिली. तमिळनाडूनेही तसंच विधेयक संमत केलं आणि विरोध होताच मागे घेतलं. कामगार तोंड उघडेल तर कंपनी पळेल, ही भीती यामागे आहे. पण त्याच श्रीपेरुंबुदूर पट्ट्यात 2024 मध्ये सॅमसंगचे कामगार 37 दिवस संपावर होते. कारखाना पळाला नाही.

तेव्हा करायचं काय? पहिलं, अनुदान विक्रीच्या आकड्यावर देऊ नका. स्थानिक पुरवठादार किती उभे राहिले आणि सुटे भाग इथे किती बनले, त्यावर द्या. 2020 च्या उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन (पीएलआय) योजनेने मोबाइलच्या वाढीव विक्रीला बक्षीस दिलं. सुट्या भागांसाठी 22,919 कोटींची स्वतंत्र योजना यायला 2025 साल उजाडलं. दिशा बरोबर आहे, उशीर झाला आहे. दुसरं, करारात परतफेडीची अट हवी आणि तिची मुदत अनुदानाच्या हप्त्यांपेक्षा लांब हवी. तिसरं, टूलरूम आणि आयटीआयवर होणारा खर्च हा कारखाना आणण्याचाच खर्च धरा. चौथं, युनियनला मान्यता द्या, कारण चार पैसे जास्त मिळाले तर अनुभवी कामगार टिकतो आणि धंद्याचं शहाणपण त्याच्याच हातात असतं.

उद्या एखादी कंपनी गेलीच तर जाऊ द्या. तिच्या जागी दुसरी यावी एवढी ताकद त्या गावात तयार झाली की नाही, याचा जाब मंत्र्यांना विचारायला हवा. किती कोटींचे करार केले हे सांगून त्यांची सुटका होता कामा नये.