एका धारेवरून म्हैस पारखू नये



ज्वारीची काढणी उरकली, रान मोकळे झाले की गावोगावी टेनिस चेंडूचे सामने भरतात. कुणी चषक ठेवतो, कुणी बोकड लावतो. अशा सामन्यात एखादे मिसरूड फुटलेले पोर तिन्ही यष्ट्या उडवते आणि पारावर निकाल लागतो, "हा इंडियात जाणार!" मग आईबापांची झोप उडते. शिवारफेरीला गेलो की पिकाचे बोलणे झाल्यावर हळूच विचारणा होते, "साहेब, पोरगं लई जोरात टाकतंय. शाळा सोडवून पुण्याला अकादमीत घालावं का? चार गुंठं इकायची तयारी हाय." प्रश्न जमिनीचा आणि पोराच्या आयुष्याचा आहे. म्हणून आज खतपाणी बाजूला ठेवून वेगवान गोलंदाज कसा पारखावा याविषयी बोलू.

आपण बाजारात म्हैस घेताना एका धारेवर भाव ठरवत नाही. आदली धार तुंबवून कासेला फुगवटा आणलेला असतो, हे जाणता माणूस ओळखतो. तो लागोपाठ तीन-चार धारा पाहतो, वेत विचारतो, दात बघतो. गोलंदाजाचेही तसेच आहे. आजचा फॉर्म म्हणजे आजची धार. अंगची कुवत म्हणजे जनावराचा वाण. दोन्हींची गल्लत करू नये.

दाखला आपल्याच जिल्ह्यातला घ्या. श्रीरामपूरचा झहीर खान 2003 च्या विश्वचषकात 18 बळी घेऊन अंतिम सामन्यात उतरला. ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याच्या पहिल्याच षटकात 15 धावा गेल्या आणि शेवटी 7 षटकांत 67 धावा देऊन एकही बळी मिळाला नाही. त्या दिवशी पारावर त्याला कोणी काय म्हटले असेल, ते सांगायला नको. पुढे 2011 च्या अंतिम सामन्यात वानखेडेवर याच झहीरने पहिल्या 5 षटकांत 3 निर्धाव टाकून फक्त 6 धावा दिल्या आणि एक बळी घेतला. त्याच डावातल्या पुढच्या 5 षटकांत मात्र 54 धावा गेल्या! त्या स्पर्धेत त्याचे बळी 21, म्हणजे पाकिस्तानच्या शाहिद आफ्रिदीबरोबर सर्वाधिक. आता यातल्या कोणत्या पाच षटकांवरून त्याला तोलणार?

झहीरचा खरा गुण आकड्यांत नव्हे, शिकण्यात दिसतो. वडिलांनी अभियांत्रिकीऐवजी क्रिकेटचा मार्ग धर म्हटले, तेव्हा तो श्रीरामपूरहून मुंबईला गेला. तिथे सुधीर नाईक यांनी त्याला हाताशी धरले. पुढे चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये डेनिस लिली यांच्या नजरेखाली तो तयार झाला. मुंबई संघात जागा मिळेना, म्हणून तो बडोद्याकडून रणजी खेळला आणि 2000 साली भारतीय संघात आला. 2006 साली संघाबाहेर जावे लागले, तेव्हा तो रुसून बसला नाही. इंग्लंडमध्ये वूस्टरशायरकडून काउंटी खेळला, धाव आखूड केली, 78 बळी घेतले आणि वर्षअखेर भारतीय संघात परतला. शेवटी कसोटीत 311 आणि एकदिवसीय सामन्यांत 282 बळींवर त्याची कारकीर्द थांबली. वेग पुढे कमी झाला, पण अक्कल वाढत गेली. हीच कुवत.

मग घरच्या पोरात काय पाहावे? एक वही करा. दुधाची नोंद ठेवता तशी त्याची ठेवा.

पहिले, धाव. चुन्याची फक्की टाकून धावण्याच्या सुरुवातीची खूण करा. दर चेंडूला पाय त्याच लयीत पडतात का, नो-बॉल किती होतात, ते लिहा. दुसरे, अचूकपणा. खेळपट्टीवर एक रिकामे पोते अंथरा आणि तीस चेंडूंपैकी किती त्यावर पडले ते मोजा. महिनाभर मोजा, एक दिवस नव्हे. तिसरे, दम. सकाळच्या पहिल्या षटकावर भाळू नका. दुपारी उन्हात तिसऱ्यांदा चेंडू हातात दिल्यावर वेग आणि टप्पा किती टिकतो ते बघा. चौथे, स्वभाव. दोन चौकार बसल्यावर तो डोके घालवून आपटत सुटतो की विचार करतो?

टेनिसचा चेंडू आणि शिवणीचा चेंडू यांतही फरक आहे. शिवण वापरून चेंडू हलवणे ही वेगळी विद्या, ती शिकायला वेळ द्यावा लागतो. विदर्भाच्या उमेश यादवचे वडील कोळसा खाणीत कामगार. तो स्वतः पोलीस भरतीत निवडला गेला नाही आणि शिवणीच्या चेंडूकडे विशीच्या सुमारास वळला. तरीही 57 कसोटी खेळून त्याने 170 बळी घेतले. म्हणजे सोळाव्या वर्षी निवड झाली नाही तर सगळे संपले, असे समजण्याचे कारण नाही.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, शरीर. गोलंदाजाचा पुढचा पाय जमिनीवर आपटतो तेव्हा अंगाच्या वजनाच्या कित्येक पट भार पायातून कमरेत जातो. वाढत्या वयात मणक्याची हाडे पुरती पक्की झालेली नसतात. अति गोलंदाजीने त्यांना बारीक चीर पडते. बहुधा ती गोलंदाजीच्या हाताच्या उलट बाजूला असते. कंबर एका दिशेला आणि खांदे दुसऱ्या दिशेला वळत असतील तर धोका अधिक. आपल्याकडे पोर "कंबर धरली" म्हणाले की उसण भरली समजून तेल चोळतात आणि रविवारी पुन्हा सामन्याला धाडतात. तसे करू नका. मागे वाकताना दुखत असेल तर गोलंदाजी त्याच दिवशी थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

मोठमोठे यातून सुटलेले नाहीत. जसप्रीत बुमराहला 2019 मध्ये अशीच चीर पडली, 2023 मध्ये पाठीची शस्त्रक्रिया झाली. 2018 च्या युवा विश्वचषकात कमलेश नागरकोटी आणि शिवम मावी यांच्या वेगाने सारे थक्क झाले होते. पुढे दुखापतींनी दोघांचाही मोठा काळ खाल्ला. मयंक यादवने 2024 च्या आयपीएलमध्ये ताशी 156.7 किलोमीटर वेग गाठला आणि लगेच दुखापतीने बाहेर गेला.

खांदा न धरलेला गोऱ्हा आपण नांगराला जुंपत नाही. डाळिंबाच्या झाडाला पहिली दोन वर्षे बहार धरू देत नाही, फुले आली तरी तोडतो. मग चौदा वर्षांच्या पोराला एका रविवारी तीन सामने का खेळवतो? इंग्लंडमध्ये अनेक वर्षे नियम असा की 13 वर्षांपर्यंतच्या वेगवान गोलंदाजाने सलग 5 आणि दिवसात 10 षटकेच टाकायची, तर 14-15 वर्षांच्या मुलाने सलग 6 आणि दिवसात 12. सरावाचे चेंडूही मोजावेत. आठवड्यात विश्रांतीचे दिवस ठेवावेत. दूध, अंडी, शेंगदाणे, डाळ-भाकरी आणि पुरेशी झोप यांच्या तोडीचे टॉनिक दुकानात मिळत नाही. मुलगी वेगवान गोलंदाजी करत असेल तर तिलाही हेच लागू, ताटातल्या वाट्यासकट.

राहिला पैशाचा व्यवहार. रीतसर वाट जिल्हा संघटनेच्या निवड चाचणीतून महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनकडे जाते. "अमुक रक्कम द्या, संघात घालतो" म्हणणारा भेटला तर तिथूनच माघारी फिरा. वयाचा दाखला खोटा करू नका. मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचे वय तपासतात, आणि पोर कायमचे बदनाम होते. शाळा सोडवू नका. जमीन तर विकूच नका. आधी एक हंगाम वही भरा, मग जाणत्या प्रशिक्षकाला पोर आणि वही दोन्ही दाखवा. वहीत सहा महिन्यांत सुधारणा दिसली, तर घरातला खर्च झेपेल तेवढी पुढची पायरी चढा.

बी चांगले आहे की नाही हे उगवणीवरून कळते, पण पिकाचा अंदाज कणसे भरल्याशिवाय कुणी शहाणा शेतकरी सांगत नाही. पोराच्या बाबतीत तेवढाच धीर धरावा.