विश्लेषण : सारांश म्हणजे नेमकं काय? ‘थोडक्यात’ लिहिताना काय गाळायचं, काय ठेवायचं?

विठ्ठलवाडी स्थानकात लोकलची वाट पाहताना मोबाइलवर बातमीचं शीर्षक आणि त्याखालच्या तीन ओळी वाचून होतात. खालची सहाशे शब्दांची बातमी बहुतेक वेळा तशीच राहते. म्हणजे वाचकापर्यंत पोहोचतो तो सारांशच. तोच चुकला तर बातमी बरोबर असून उपयोग नाही.

उतरू नका, पण कधीपर्यंत?

उदाहरण आपल्याच मार्गावरचं घेऊ. २६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस उल्हास नदीच्या पुरामुळे बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये अडकली. चहूबाजूंनी पाणी आणि गाडीत हजाराच्या आसपास प्रवासी. २७ तारखेला मध्य रेल्वेने प्रवाशांना आवाहन केलं. त्याचा आशय असा : गाडीतून उतरू नका, गाडी सुरक्षित जागा आहे, मदतीला कर्मचारी आणि पोलीस गाडीत आहेत, एनडीआरएफ आणि आपत्ती व्यवस्थापन यंत्रणेच्या सूचनेची वाट पाहा.

आता याचा सारांश करा. ‘महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात, हजार प्रवासी अडकले’. यात खोटं काहीच नाही. पण हे वाचून कोल्हापुरातला भाऊ फोनवर काय सांगेल? ‘उतर आणि नीघ तिथून.’ मग दुसरा प्रयत्न : ‘प्रवाशांनी उतरू नये’. हा बरा, तरी अर्धाच. बोट दाराशी आल्यावरही उतरायचं नाही का? तिसरा : ‘गाडी सुरक्षित, एनडीआरएफ सांगेपर्यंत उतरू नका’. शब्द सहाच, पण कारण, सूचना आणि मुदत तिन्ही आली. ‘पर्यंत’ हा शब्द इथे सगळ्यात महत्त्वाचा, आणि घाईत पहिला उडतो तोही तोच.

त्याच दिवशी दुपारी सुमारे १०५० प्रवाशांची सुटका झाली आणि त्यांच्यासाठी कल्याणहून कोल्हापूरला विशेष गाडी सोडण्यात आली. संध्याकाळच्या सारांशात हा आकडा पहिल्या ओळीत हवा. सकाळी तोच आकडा शेवटी गेला असता तरी चाललं असतं. घटना एकच, पण वाचणाऱ्याची गरज बदलली की सारांशही बदलतो.

उतारा वेगळा, सारांश वेगळा

मजकुरातली दोन वाक्यं उचलून चिकटवली की तो उतारा होतो. सातबारा हा उताराच; तलाठी त्यात आपल्या शब्दांत काही सांगत नाही. सारांशात मात्र आधी समजून घ्यावं लागतं, मग आपल्या शब्दांत सांगावं लागतं. स्वतःचं मत घालायचं नाही, हे ओघानंच आलं. इंजिनीअरिंगच्या भाषेत सांगायचं तर झिप फाइल उघडली की सगळा डेटा परत मिळतो, जेपेगमध्ये काही कायमचं जातं. सारांश जेपेगसारखा आहे. काय जाऊ द्यायचं, हे लिहिणाऱ्यानं ठरवायचं असतं.

लिहायचा कसा?

दहावीच्या मराठीत सारांशलेखन शिकवतात तेव्हा एक-तृतीयांश लांबीचा हिशेब सांगतात. सरावाला ठीक आहे. पण नोटीस, निकाल किंवा शासन निर्णय हातात असेल तेव्हा शब्द मोजण्याआधी तो कोण वाचणार हे ठरवा. मजकूर दोनदा वाचा, बाजूला ठेवा आणि न बघता एका वाक्यात सांगून पाहा. ते जमत नसेल तर मजकूर अजून कळलेला नाही. मग विशेषणं, पुनरुक्ती, सत्कार-उपस्थितांची यादी बिनधास्त काढा. ‘फक्त’, ‘वगळता’, ‘अन्यथा’, ‘पर्यंत’, ‘पूर्वी’ या शब्दांना मात्र हात लावू नका. शेवटी आकडे, तारखा आणि नावं मूळ मजकुराशी ताडून बघा. मोबाइलवरच्या एआयनं दिलेल्या सारांशालाही हीच तपासणी लावा, कारण त्याची वाक्यं इतकी गुळगुळीत असतात की गळालेली अट लक्षातही येत नाही.

अट गळाली तर काय होतं, हे उल्हासनगरकरांना वेगळं सांगायला नको. शहरातली अनधिकृत बांधकामं नियमित करण्यासाठी २००६ साली खास कायदा झाला. ‘उल्हासनगरची बेकायदा घरं नियमित होणार’ एवढाच त्याचा सारांश तोंडोतोंडी फिरला, तर नवं घर घेणारा निर्धास्त होतो. कायदा मात्र १ जानेवारी २००५ पर्यंतच्या बांधकामांपुरता होता, तोही अटी आणि शुल्कासह. २०१२ साली उठलेल्या इमारतीत फ्लॅट बघणाऱ्यासाठी त्या कायद्यात कामाची गोष्ट एकच होती, ती तारीख.