तिसऱ्या डोळ्याची पारख

अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत, 'आपण कॅमेऱ्याच्या नजरेखाली आहात' ही पाटी न लावणारी गृहनिर्माण संस्था आज विरळाच. २००८ च्या नोव्हेंबरातील हल्ल्यानंतर सरकारी कॅमेऱ्यांचे जाळे शहरभर पसरण्यास २०१६ साल उजाडावे लागले. तेव्हा उपनगरांनी आपली सोय आपणच पाहिली, यात वावगे काही नाही. परंतु सर्वसाधारण सभेत हा विषय निघतो तेव्हा चर्चा होते ती दोनच गोष्टींची : कॅमेरे किती आणि दर काय. तीन दरपत्रके मागवावयाची, सर्वांत स्वस्त ते मंजूर करावयाचे आणि चहापानास उठावयाचे! रंगकामाला ही रीत चालत असेल. कॅमेरा हा साक्षीदार आहे. तो चोराला अडवीत नाही, मागाहून बोलतो. तो काय बोलू शकेल, हे आधी पाहावयास हवे.

थोडा हिशेब मांडू. दोन मेगापिक्सेलच्या नेहमीच्या कॅमेऱ्याचे चित्र १९२० बिंदू रुंद असते. अनोळखी चेहरा खात्रीने ओळखण्यासाठी मीटरमागे सुमारे २५० बिंदू लागतात, असे आंतरराष्ट्रीय मानक आहे. म्हणजे पावणेआठ मीटरपेक्षा रुंद दृश्य कवेत घेतले की चेहरा विरघळू लागतो. आमच्याकडे मात्र गच्चीच्या कठड्याला टांगलेल्या एकाच कॅमेऱ्याने फाटक, वाहनतळ आणि बाग अशी तिन्ही ठिकाणे सांभाळावी, ही अपेक्षा! पावसाळ्याचे चार महिने त्याला दिसतात त्या केवळ छत्र्या. त्यापेक्षा फाटकाशी नि लिफ्टच्या दाराशी, डोक्याच्या थोडे वर बसविलेले दोन कॅमेरे अधिक कामाचे.

चेहऱ्याविषयी संदिग्धता राहिली तर निरपराध माणूसही भरडला जातो. जानेवारी २०२५ मध्ये वांद्र्यात एका अभिनेत्यावर हल्ला झाल्यावर, जिन्यावरील चित्रणाशी साम्य दिसते म्हणून एका तरुणास थेट दुर्ग येथे रेल्वेगाडीत ताब्यात घेण्यात आले. दुसरा संशयित सापडल्यावर त्याची सुटका झाली. तोवर त्याचे छायाचित्र देशभर पोहोचले होते.

साठवणीची कथा आणखी शोचनीय आहे. सेकंदाला दोन मेगाबिट या गतीने एक कॅमेरा दिवसाला साडेएकवीस जीबी जागा व्यापतो. आठ कॅमेऱ्यांना एक टीबीची डिस्क सहा दिवसही पुरत नाही. गणपतीला कोकणात गेलेले बिऱ्हाड दहाव्या दिवशी परतून मोडलेले कुलूप पाहते, तोवर चोराची छबी यंत्रानेच पुसून टाकलेली असते! महिन्याचा साठा हवा तर पाच टीबींहून अधिक जागा लागेल, आणि तिची किंमत दरपत्रकात आधीच मागावयास हवी. यंत्राचे घड्याळ बरोबर आहे की नाही, हेही कोणी तरी पाहावे. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीचा खटला अर्ज वेळेत आला की नाही यावरून चित्रफितींपर्यंत गेला आणि अशा पुराव्याच्या नकलेसोबत विहित प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये सांगितले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती अट आहे. ते प्रमाणपत्र संस्थेतर्फे कोण देणार?

याहून नाजूक गोष्ट म्हणजे हे चित्रण पाहणार कोण. चिटणीसांच्या मोबाइलवर सारी इमारत दिसते. कोणाकडे कोण आले, मोलकरीण किती वाजता गेली, यावर जिन्यात गप्पा रंगतात. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्येच दिला आहे. शेजाऱ्याच्या दाराकडे रोखलेला कॅमेरा आम्हांस पहारा वाटत नाही, तो चोंबडेपणा आहे. बसविणाऱ्या कारागिराने ठेवलेला पासवर्ड वर्षानुवर्षे तसाच राहिला, तर हा तमाशा परक्यांनाही खुला!

संस्थांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हावयाच्या असतात. कॅमेरा कोठे रोखावयाचा, चित्रण किती दिवस ठेवावयाचे, ते कोणी आणि कोणाच्या लेखी अर्जावरून पाहावयाचे, हे ठरविणारा ठराव दरपत्रके उघडण्यापूर्वी त्या सभेपुढे आला पाहिजे.