न्यायालये सावरली; साक्षीदाराचे काय?

२३ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन दावे, अपिले व अर्ज दाखल करण्याची मुदत वाढवली. पुढे १० जानेवारी २०२२ च्या आदेशाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा संपूर्ण काळ मुदतीच्या गणनेतून वगळला गेला. टाळेबंदीत अडकलेल्या पक्षकाराचा हक्क केवळ तारीख उलटली म्हणून बुडू नये, हा त्यामागील विचार होता. ६ एप्रिल २०२० च्या आदेशाने दृक्‌श्राव्य सुनावणीचा मार्गही मोकळा केला. महासाथीत न्यायदान पूर्णपणे थांबले नाही, याचे मोठे श्रेय या आदेशांना द्यावेच लागेल.

तरीही सीमाभागात वकिली करणाऱ्या माझ्यासारख्याला एक उणीव तेव्हापासून बोचते आहे.

प्रत्यक्ष न्यायालयात भाषेची अडचण कशी सुटते, हे बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. खानापूर वा निपाणीकडील मराठी शेतकरी साक्षीला उभा राहतो. न्यायालयाची भाषा कन्नड, युक्तिवाद बहुधा इंग्रजीत. प्रश्न कळला नाही, तर ते त्याच्या चेहऱ्यावर दिसते. न्यायाधीश क्षणभर थांबतात, एखादा कर्मचारी दोन शब्द मराठीत सांगतो, वकील प्रश्न सोपा करतात. ही सोय माणसांच्या समजूतदारपणावर चालते. पडद्यावर ती नाहीशी झाली.

दुसऱ्या लाटेनंतर एका जमिनीच्या दाव्यात सत्तरीच्या एक आजी नातवाच्या मोबाइलवरून साक्ष देत होत्या. आवाज तुटत होता आणि त्या प्रत्येक प्रश्नाला ‘होय’ म्हणत होत्या. नंतर विचारले, तेव्हा म्हणाल्या, “वकीलसाहेब, निम्मं ऐकू आलं नाही, उरलेलं कळलं नाही. नाही म्हटलं तर साहेब रागावतील असं वाटलं.” त्यांची साक्ष पुन्हा घ्यावी, म्हणून आम्हांला अर्ज करावा लागला. ज्यांना वकिलाने असे विचारलेच नाही, त्यांच्या साक्षी तशाच नोंदल्या गेल्या असतील.

कायदा याबाबत मुका नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३१२ नुसार साक्षीदार अन्य भाषेत बोलत असेल, तर शक्य असल्यास त्याच भाषेत साक्ष नोंदवावी, अन्यथा तिचा खरा अनुवाद साक्ष चालू असतानाच तयार करावा. आपली साक्ष वेगळ्या भाषेत लिहिली गेली असल्यास ती समजावून मागण्याचा हक्क कलम ३१३ देते. दिवाणी प्रक्रिया संहितेतही आदेश १८, नियम ६ मध्ये अशीच तरतूद आहे. दुसरीकडे, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या त्याच नागरिक सुरक्षा संहितेने इलेक्ट्रॉनिक माध्यमातील कामकाजाला कायमचे स्थान दिले. ई-न्यायालय प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यासाठी केंद्राने २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपये मंजूर केले. म्हणजे पडदा राहणार आहे. मग दुभाषाही राहिला पाहिजे.

मागणी साधी आहे. समन्समध्येच साक्षीदाराची भाषा विचारावी. दृक्‌श्राव्य साक्षीत दुभाषा अधिकृतपणे उपस्थित असावा आणि त्याची नोंद रोजनाम्यात व्हावी. वृद्धांची साक्ष घरच्या मोबाइलवरून न घेता तालुका न्यायालयातील सेवा केंद्रातून, त्यांची भाषा जाणणाऱ्या कर्मचाऱ्याच्या उपस्थितीत घ्यावी. १९५६ पूर्वीचे मराठी व मोडी दस्तऐवज स्कॅन होताना त्यांचे प्रमाणित भाषांतर सोबत जोडावे.

यात कन्नडला विरोध नाही. जत किंवा अक्कलकोटच्या कन्नडभाषक साक्षीदाराला मराठी न्यायालयात हीच सोय मिळाली पाहिजे. ती त्याला नाकारून आपण स्वतःसाठी मागू शकत नाही.

तोवर आपल्या हाती एक गोष्ट आहे. साक्षीच्या तारखेआधीच दुभाष्यासाठी लेखी अर्ज द्या आणि नोंदवलेली साक्ष आपल्या भाषेत वाचून, समजावून घेतल्याशिवाय तिच्यावर सही करू नका.