गर्भावस्थेतील मद्यसंपर्काने बाधित व्यक्तींच्या काळजीवाहकांना आधार मिळण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष, स्थानिक स्तर समिती, पुणे
(मार्फत: मा. तहसीलदार, मावळ)

विषय: लोणावळा व मावळ परिसरातील बाधित व्यक्तींना दिव्यांगत्वाचा दाखला आणि त्यांच्या काळजीवाहकांना भत्ता व विसावा मिळण्याबाबत.

महोदय,

गरोदरपणी आईच्या रक्तातील मद्य वारेतून गर्भापर्यंत पोहोचते आणि त्याच्या घडत्या मेंदूला कायमची इजा करू शकते. या इजेतून उद्भवणाऱ्या विकारसमूहास ‘फीटल अल्कोहोल स्पेक्ट्रम डिसऑर्डर’ म्हणतात. त्यातील सर्वांत ठळक प्रकाराचे वर्णन सिएटलच्या डॉक्टरांनी १९७३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले, तरीही दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत या विकाराचे नाव नाही.

वरचा पातळ ओठ, नाकाखालची सपाट झालेली पन्हळ अशा खुणा थोड्याच मुलांत दिसतात. बाकीची मुले दिसायला चारचौघांसारखी असतात, मात्र रात्री पाठ झालेला पाढा त्यांना सकाळी आठवत नाही, सुट्या पैशांचा हिशेब लागत नाही, कालच्या चुकीवरून आज शिकता येत नाही, आणि वहीवर ‘लक्ष देत नाही’ असा शेरा पडतो, जो मुलाइतकाच त्याला सांभाळणाऱ्या आईच्या वा आजीच्या जिव्हारी लागतो. अठराव्या वर्षी कायदा त्याला सज्ञान मानतो. घरच्यांना त्याला एकटे सोडवत नाही.

वास्तविक दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमानेच विनामोबदला सांभाळ करणाऱ्या कुटुंबीयांनाही काळजीवाहक मानले असून, कलम २४ मध्ये उच्च आधाराची गरज असलेल्या व्यक्तींसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. अडते ते दिव्यांगत्वाच्या दाखल्यापाशी. सबब, नाव यादीत नाही एवढ्यावरून अर्ज न परतवता, बौद्धिक दिव्यांगता वा विशिष्ट अध्ययन अक्षमता यांसारख्या विद्यमान प्रकारांत व्यक्तीची प्रत्यक्ष क्षमता तपासून दाखला द्यावा, ही पहिली मागणी आहे. गोंगाट न सोसणाऱ्या मुलाला लोकलच्या गर्दीत धरून तपासणीसाठी पुणे गाठायचे, तर सांभाळणाऱ्याचा रोजगारही बुडतो. म्हणून तपासणी शिबिर लोणावळा वा वडगाव येथे ठरलेल्या दिवशी भरावे.

आईच्या मद्यसेवनाची माहिती गोपनीय राहावी, कारण अनेकदा हा संपर्क गर्भ राहिल्याचे कळण्यापूर्वीच झालेला असतो, आणि दोषाच्या भीतीने ही माहिती दडली तर निदानच हुकते. आशा व अंगणवाडी सेविकांना या विकाराबाबत प्रशिक्षण मिळावे. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खाली पात्र ठरणाऱ्या प्रौढांच्या पालकत्वाचे अर्ज तालुक्यातच स्वीकारावेत. लोणावळा नगरपरिषदेने दिव्यांग कल्याणाच्या निधीतून, आठवड्यातून निदान दोन दिवस काही तास मुलांना सांभाळणारे केंद्र चालवावे. सांभाळणारे माणूसच आजारी पडले, तर त्या मुलाला दुसरे कोणी नाही.

शिबिर आणि गोपनीयता यांसाठी नव्या कायद्याची आवश्यकता नाही. त्यांबाबत आपल्या स्तरावर तातडीने लेखी आदेश व्हावेत, ही नम्र विनंती.

आपले विनम्र,
पालक व काळजीवाहक, लोणावळा व मावळ